वरच्या कप्प्यातला डबा

मुरबाडच्या नाक्यावर, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला एक फ्रीज उभा होता आणि त्याला टेकून एक मुलगी उभी होती. फ्रीज लाल, जुना, दाराच्या खालच्या कोपऱ्याला गंज धरलेला. मुलगी डोक्यावरून ओढणी घेतलेली आणि रागानं फ्रीजहून लाल. टेम्पोवाल्यानं दोघांना तिथं उतरवलं होतं आणि "शेठचं दुकान समोरच हाय" म्हणून तो पसार झाला होता. दुकान समोर होतं, नाही कुठं! पण त्याला भलंमोठं कुलूप होतं. शेठ गेले होते लग्नाला. एप्रिलच्या लग्नसराईत माणसानं फ्रीज बिघडवूच नये.

"कुणाची वाट बघतोय हा?"

मनस्वीनं मागं वळून पाहिलं. हातात पाना, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर ऑइलचा एक काळा ओघळ, आणि चेहऱ्यावर हसू असं, की जसा काही हा फ्रीज त्याच्याच घरी पाहुणा आलाय.

"कोण?"

"फ्रीज हो. तुमी कुणाची वाट बघताय, ते विचारायची माझी काय टाप?"

"मेकॅनिकची," ती फटकन म्हणाली. "दोघंपण."

"मग आला की मेकॅनिक! दोन गाळे सोडून माझं दुकान. वाल्मिक. मूळ डोळखांबचा." त्यानं फ्रीजच्या पाठीमागं वाकून पाहिलं आणि एकदम कपाळाला हात लावला. "ताई, हा आणलात कसा? उभा का आडवा?"

"आडवा. टेम्पोत निजवून."

"अरे देवा! माणसाला उलटा टांगून आणलात तरी चालंल, पण फ्रीजला आडवा करू नये. मशीनमधलं तेल पाइपात शिरतं. आता चार तास हा असाच उभा राहणार. तोवर चालू करायचा नाय."

"चार तास? आणि मी काय करू चार तास?"

"बसा ना," तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघत हळूच, "पाच झाले तरी माझी तक्रार नाय..."

असं झालं त्यांचं पहिलं बोलणं. आता वाटेल, काय गोड आहे ना! गोडच होतं. पण या फ्रीजचं खरं काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

टोकावड्याच्या अलीकडं मनस्वीचं गाव. गावात हा फ्रीज 'गिरजाकाकूंचा पेप्सीचा फ्रीज' म्हणून ओळखला जायचा. गिरजाबाई, म्हणजे मनस्वीची आई, प्लास्टिकच्या नळीत रंगीत सरबत भरून ते गोठवायच्या आणि शाळेच्या पोरांना विकायच्या. त्यालाच सगळे पेप्सी म्हणायचे. लोकांना वाटायचं, बाईनं पेप्सीसाठी फ्रीज घेतलाय. खोटं. वरच्या कप्प्यात, अगदी मागं, बर्फाच्या खणाला चिकटून चिंचेची बरणी होती आणि बरणीमागं स्टीलचा एक चपटा डबा. त्या डब्यात मनस्वीचं इन्सुलिन होतं. सोळाव्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे, पोरांना होतो तो. त्यात गोळ्या चालत नाहीत, जगायचं असेल तर सुई. दिवसाला चार. आता ती तेवीस वर्षांची होती आणि घरातली तीन माणसं आणि कल्याणचे डॉक्टर सोडले तर हे कुणालाही माहीत नव्हतं.

गिरजाबाईंनी दोन्ही मुलांना देवापुढं शपथ घ्यायला लावली होती. पोरीचं लग्न व्हायचं होतं ना! सुई टोचणारी पोर कोण पदरात घेणार? म्हणून मुरबाडात औषध घ्यायचं नाही, दुकानदाराला कळलं की तालुक्याला कळलं. भाऊ पंकज कल्याणला कामाला जायचा, तो महिन्याचं औषध एकदम आणायचा. महिन्याचं साठवायचं म्हणून फ्रीज. फ्रीज बंद पडला की घरात पेप्सीचं दुःख मोठमोठ्यानं व्हायचं, आणि खरं दुःख ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवलं जायचं.

तर त्या दिवशी ती वाल्मिकच्या दुकानात स्टुलावर बसली. तो दुसऱ्या कुणाचा मिक्सर उघडून बसला होता आणि मधून मधून तिच्याकडं बघत होता, आणि ती बघत नाही असं दाखवत बघत होती. बाराला त्यानं चहा मागवला.

"मला बिनसाखरेचा," ती म्हणाली.

"खरंच की. एवढ्या गोड माणसाला साखर कशाला?"

आता कुठल्याही मुलीनं लाजायचं, मान वळवायची, असं हे वाक्य. मनस्वीला मात्र वाटलं, ह्याला कळलं की काय! तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. तो आपला स्वतःच्या बोलण्यावरच खूश होऊन हसत होता. मग तीही हसली. जरा वेळानं "येते पाच मिनिटांत" म्हणून एस.टी. स्टँडवर गेली, तिथल्या बायकांच्या संडासात उभ्यानं, श्वास रोखून, सुई घेतली, आणि परत येऊन त्यानं आणलेला वडापाव खाल्ला. सात वर्षांत तिचं सगळं जेवण असंच, कुठल्यातरी दाराआड जाऊन आल्यावर.

दुपारी त्यानं फ्रीज उघडला. बर्फाच्या खणाला बारीक भोक होतं. गिरजाबाईंनी चिकटलेल्या पेप्सी सुरीनं खरवडून काढल्या होत्या.

"गॅस गेलाय सगळा," तो म्हणाला. "भोक बुजवतो. गॅस भरतो."

मनस्वीनं विचारलं. अगदी सरळ विचारलं, कारण पंकजनं सकाळी बजावून सांगितलं होतं, 'मेकॅनिक बोलला नवा घ्या, तर आपण हप्त्यावर नवा घेऊ. जुना चालंल बोलला तर जुना. त्याला नीट विचार, मनू.'

"खरं सांगा. दुरुस्त करू, का नवाच घेऊ? माझा भाऊ नवा घ्यायला तयार हाय."

वाल्मिक फ्रीजच्या मागं गेला. त्यानं फ्रीजकडं पाहिलं, मागच्या गंजलेल्या जाळीवरून हात फिरवला. मग तिच्याकडं पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"नवा कशाला?" तो म्हणाला. "मी हाय ना."

आणि खरं सांगायचं तर मनस्वीला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुढचा प्रश्न तिनं विचारलाच नाही. डब्यात काय आहे हे तिला माहीत होतं. 'नक्की टिकेल ना?' एवढं विचारायला काय जात होतं? पण तिच्या मनात आलं, बिघडला तर बिघडला, पुन्हा यायला मिळेल. पोरीची जात म्हणा, वय म्हणा. जिवाचं औषध होतं त्यात, आणि ही बया बिघडायची वाट बघत घरी गेली!

बिघडला तो. महिना नाही झाला आणि सुरूच होईना. ह्या वेळी वाल्मिक म्हणाला, फ्रीज हलवू नका, मीच येतो. मोटारसायकलवरून, हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवून आला. एक बारका पार्ट बदलला, दहा मिनिटांचं काम, पण त्याला दीड तास लागला. गिरजाबाईंनी चहा दिला, तो त्यानं दोनदा घेतला. मग पंधरा दिवसांनी पुन्हा आला, नुसता 'कसा चाललाय बघायला'. दारावरचं रबर बदललं. त्याच दिवशी मनस्वीच्या लक्षात आलं, की हा आपल्याला ताई म्हणायचं विसरलाय.

"ताई कुठं गेल्या?" तिनं मुद्दाम विचारलं.

"कुठल्या ताई?"

"पहिल्या दिवशी होत्या त्या."

"त्या होय..." त्यानं मान खाली घालून रबर दाबलं. "त्या पहिल्याच दिवशी गेल्या. चार तास बसल्या ना दुकानात, तिसऱ्या तासाला."

ती स्वयंपाकघरात पळाली. चुलीपुढं उगाच उभी राहिली. गाल गरम झाले होते, आणि हसू काही केल्या आवरेना. तिनं किती दिवसांत स्वतःला असं हसताना ऐकलं नव्हतं! फोनवर बोलणं सुरू झालं. तो गॅसच्या टाक्या, गिऱ्हाइकं, डोळखांबची त्याची आई यांच्याबद्दल बोलायचा. ती शिवणाच्या क्लासबद्दल बोलायची. सुईबद्दल नाही. रोज ठरवायची, आज सांगू. रोज तोंडापर्यंत यायचं आणि तिथून मागं फिरायचं. सांगितलं आणि तो उठून गेला तर? मग कशाला सांगा. आणि नाही सांगितलं तर किती दिवस?

वैशाखाच्या शेवटी गावदेवीची जत्रा. गिरजाबाईंनी तीनशे पेप्सी भरायच्या ठरवल्या. त्यातून मीनामावशीनं सांगावा धाडला, की किन्हवलीचं एक स्थळ आहे, मुलगा पतपेढीत आहे, मंडळी जत्रेच्या निमित्तानं येऊन मुलगी बघून जातील. आणि जत्रेच्या दोन दिवस आधी फ्रीज पुन्हा रुसला. चालू व्हायचा, दोन मिनिटांत बंद. पेप्सी नुसत्या पाणचट.

वाल्मिक आला. उघडून बघितलं.

"थर्मोस्टॅट गेलाय. पुरेसं गार झालं की फ्रीजला थांब म्हणतो तो. आता हा सारखाच थांब म्हणतोय."

"मग नवा टाक ना," मनस्वी म्हणाली.

"कल्याणवरून मागवायला लागंल. जत्रा झाल्यावर येऊन बसवतो." त्यानं आवाज खाली आणला. "तेवढंच यायला कारण. आता तो काढून वायर डायरेक्ट जोडतो. म्हणजे ह्याला थांबवणारा कुणीच नाय. रात्रंदिवस चालू."

"कुणासारखा?"

"तूच सांग, कुणासारखा?"

तिनं ओठ मुडपून हसू दाबलं. वायर जोडता जोडता तो म्हणाला, "फ्रीजमध्ये दुसरं काय ठेवता गो? भाजी, दूध? वरच्या कप्प्यात काय असलं तर काढा. गारठ्यानं गोठून जाईल सगळं."

विचारलं त्यानं. विचारलं नाही असं म्हणता येणार नाही. मनस्वीनं तोंड उघडलं. आणि तिला मागं आईचा पदर दिसला. गिरजाबाई दारात उभ्या होत्या, हातात पेप्सीची भरलेली परात, आणि नजर अशी, की देवापुढची ती शपथ पुन्हा एकदा हातावर ठेवली.

"काय नाय," मनस्वी म्हणाली. "पेप्सीच असतात. चिंच हाय थोडी." तो गेला की डबा काढून ठेवू, तिनं मनात ठरवलं.

"मग झालं तर. दगडासारख्या होतील बघ पेप्सी!"

झाल्या. जत्रेच्या सकाळी गिरजाबाई आनंदानं नुसत्या नाचायच्या बाकी होत्या. एकेक पेप्सी वाजवून बघत होत्या. घर दोन दिवसांपासून पाहुण्यांनी भरलेलं, डबा काढायला सवडच मिळाली नव्हती. वापरातली बाटली संपली म्हणून मनस्वीनं गर्दीत चोरासारखा हात घालून बरणीमागचा डबा ओढला, तर तो कप्प्याला चिकटला होता. आतल्या बाटल्यांमध्ये पांढरा बर्फ. ती न्हाणीत गेली, कडी लावली, आणि बाटली मुठीत धरून बसली. दोन्ही तळव्यांत, श्वासाची ऊब देत. हळूहळू बर्फ वितळला. औषध पुन्हा पहिल्यासारखं स्वच्छ दिसायला लागलं. तिला वाटलं, झालं. पाण्याचा बर्फ होतो, बर्फाचं पाणी होतं, तसंच हे.

फोन करून डॉक्टरांना विचारायला काय झालं होतं, म्हणाल. न्हाणीच्या पत्र्यापलीकडं मीनामावशी किन्हवलीच्या मंडळींना मुलीचे गुण सांगत होती. तिथून फोनवर 'माझं इन्सुलिन गोठलं' असं कोण बोलेल? नाही बोलली ती. सुई भरली, टोचून घेतली आणि तोंड पुसून चहाचा ट्रे उचलला.

पहिल्या दिवशी तहान लागली. ऊनच असं आहे, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी हंडाभर पाणी प्यायली तरी जीभ कोरडी. तिसऱ्या दिवशी उलट्या. गिरजाबाईंनी मीठमिरच्या उतरून टाकल्या, पोरीला पाहुण्यांची नजर लागली म्हणून. सुई चालूच होती, वेळच्या वेळी, चार. म्हणूनच कुणाच्या डोक्यात आलं नाही. चौथ्या दिवशी पंकज कामावरून लवकर आला तेव्हा ती भिंतीला टेकून मोठमोठे श्वास घेत होती आणि हाक मारली तर ओळखत नव्हती. त्यानं साखर तपासली. यंत्रावर आकडाच उमटला नाही, साखर यंत्राच्या आकड्यांपलीकडं गेली होती. जीपमध्ये मागच्या बाकावर तिला आडवी घातली आणि कल्याण गाठलं.

तीन दिवस ती होती की नव्हती, तिचं तिलाच ठाऊक नाही. चौथ्या दिवशी डोळे उघडले तर डॉक्टर समोर.

"इन्सुलिन गोठलं होतं का तुझं?"

तिनं मान हलवली.

"एकदा गोठलं की संपलं. दिसायला तसंच दिसतं. चार दिवस तू पाणी टोचत होतीस, बाळा." डॉक्टर उठले, जरा थांबले. "अजून थोडा उशीर झाला असता, तर मी आज तुझ्याशी बोलत नसतो. किडनीला धक्का बसलाय. किती बसलाय ते पुढं कळेल. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

मनस्वी छताकडं बघत पडून राहिली. मनात एकच घोळत होतं. डायरेक्ट. थांबवणारा कुणी नाही. तो हसत होता तेव्हा. आपणही हसत होतो.

आणि आई? गिरजाबाई वॉर्डाच्या दारात येईल त्याला सांगत होत्या, "टायफॉइड हाय. जत्रेतलं पाणी बाधलं." पोर मरता मरता वाचली होती, तरी टायफॉइड! आईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. चार दिवस तिनं घास खाल्ला नव्हता, पण शपथ काही सोडली नव्हती.

सातव्या दिवशी सकाळी अकराला मीनामावशी आली. खुर्ची ओढून बसली, सफरचंद कापायला घेतलं आणि आनंदाची बातमी दिली. किन्हवलीच्या मंडळींना मुलगी पसंत होती. टायफॉइड काय, महिन्यात उतरेल. पुढल्या महिन्यात सुपारी फोडू.

तेवढ्यात दारात वाल्मिक उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन शहाळी. पंकजकडून नुसतं 'टायफॉइड' एवढंच कळलं होतं त्याला. आठवडाभर फोन करून करून तो रडकुंडीला आला असावा, पण आईसमोर, मावशीसमोर काय बोलणार? म्हणून तो जे बोलू शकत होता ते बोलला.

"बरं हाय ना आता? आणि... फ्रीज काय म्हणतो?"

मनस्वीला आधी हसायला आलं. मग छातीत असं काहीतरी उसळलं, की तिला वाटलं आता गप्प बसले तर मी ह्याच खाटेवर गुदमरेन.

"मावशी," ती म्हणाली, "टायफॉइड नाय मला. साखर हाय. सोळाव्या वर्षापासनं. दिवसाला चार सुया घेते मी."

"मने!" गिरजाबाई ओरडल्या.

"इन्सुलिन गोठलं फ्रीजमध्ये आणि मी मरणार होते. किन्हवलीच्या लोकांना सांग. आजच सांग."

मीनामावशीच्या हातातली सुरी थांबली. ती बहिणीकडं बघत राहिली. "गिरजे... मला पण नाय सांगितलंस? माझ्या तोंडानं मी त्यांना शब्द दिला गो!" तिनं अर्धं कापलेलं सफरचंद तसंच ठेवलं आणि पिशवी उचलून निघाली. गिरजाबाई तिच्यामागं धावल्या. दारातून वळून मुलीला म्हणाल्या, "सात वर्षं झाकलं गो मी. सात वर्षं! एका मिनिटात माती केलीस." आणि पदर तोंडात कोंबून गेल्या.

वाल्मिक शहाळी धरून उभाच होता. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. तो काही मूर्ख नव्हता, त्याला सगळं जोडता आलं.

"वरचा कप्पा," तो म्हणाला.

"हो."

"मी विचारलं होतं तुला... काय ठेवता म्हणून."

"विचारलं होतंस. मी खोटं बोलले."

तो खुर्चीत बसला. शहाळी जमिनीवर ठेवली, ती घरंगळत खाटेखाली गेली, कुणी उचलली नाहीत. मग तो खाली मान घालूनच बोलायला लागला.

"थर्मोस्टॅट दुकानात होता."

"काय?"

"कल्याणवरून मागवायचा नव्हता. माझ्या खणात होता, नवा. जाऊन घेऊन यायला तासाभराचं काम. पण तो बसवला असता तर... काम संपलं असतं. परत यायला काय सांगितलं असतं मी?" त्यानं घसा खाकरला. "आणि पहिल्या दिवशी तू विचारलंस ना, नवा घेऊ का. तेव्हाच तो फ्रीज संपला होता, मनू. दुसरं कुणी असतं, तर टाकून द्या बोललो असतो. तुला बोललो नाय. दर महिन्याला बिघडंल, दर महिन्याला तू दिसशील, एवढाच विचार केला मी."

मनस्वी ऐकत होती. कुठल्याही मुलीला ऐकायला आवडेल असंच तो बोलत होता. माझ्यासाठी ह्यानं एवढं केलं! एवढं केलं आणि त्यापायी मी मेले असते. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि तिला दोन्हींचा राग येत होता.

"खोटं तर तूपण..." तो पुटपुटला. "म्हणजे दोघांचीपण..."

"बरोबरी करू नको!" ती एवढ्या जोरानं म्हणाली की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "माझ्या खोट्यानं माझाच जीव जात होता. तुझ्या खोट्यानंपण माझाच. तुझं काय जात होतं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तो पुसत नव्हता.

"मी लगीन करीन तुझ्याशी," तो म्हणाला. "आजच्या आज आईला घेऊन येतो डोळखांबवरून."

"दंड भरायला?"

"नाय गो..."

"मग काय? आज सकाळपर्यंत तुला माहीत नव्हतं मला काय हाय. अर्ध्या तासापूर्वी कळलं. अर्ध्या तासात कोण एवढं ठरवतं? वाईट वाटतंय म्हणून बोलतोयस तू. चार महिन्यांनी वाईट वाटायचं बंद होईल, आणि मी तर अशीच असणार. अशीच, मरेपर्यंत. किडनीचं काय ते पण माहीत नाय अजून. पोरंबाळं होतील का, ते पण नाय. मी तुला माफ केलेलं नाय, वाल्मिक. कधी करीन ते पण सांगत नाय."

"बरं," तो म्हणाला. पण उठला नाही.

बाहेर जेवणाची गाडी खडखडली. सिस्टर ट्रे घेऊन आली, त्यात सुई आणि बाटली. "तूच घेतेस ना गं? घे, मी पलीकडची पेशंट बघते," म्हणून ती गेली.

मनस्वीनं सवयीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. अर्ध्यातच थांबली. सात वर्षं ती असंच तोंड फिरवत आली होती, संडासांत, न्हाणीत, कुणाच्या तरी लग्नात सामानाच्या खोलीत अंधारात चाचपडत. ती पुन्हा त्याच्याकडं वळली.

"बघायचं असलं तर बघ," ती म्हणाली. "नायतर आत्ताच निघ. परत येऊ नको."

तिनं दवाखान्याचा झगा कमरेपाशी वीतभर बाजूला केला. पोटावर निळे-काळे ठिपके होते, जुने, नवे, एकमेकांवर चढलेले, काही ठिकाणी कातडी टणक होऊन गाठी झालेल्या. आई आणि दवाखान्यातली माणसं सोडली तर हे कुणी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं, तो नजर फिरवील. निदान पापणी तरी मिटेल. त्यानं मिटली नाही. तिनं बाटलीतून औषध ओढलं, बुडबुडा टिचकीनं काढला, कातडी चिमटीत धरली आणि सुई आत घातली. तो बघत होता. तिनं दट्ट्या दाबला, दहापर्यंत मोजलं, सुई काढली, कापूस दाबला.

तो पुढं झुकला. कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यानं विचारलं, "दुखतं?"

सात वर्षांत आईनं विचारलं होतं, घेतलीस का. पंकजनं विचारलं होतं, संपलं का. हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिनं नेहमीसारखं 'काय नाय होत' म्हणायला तोंड उघडलं. ओठ वाकडे झाले.

"दुखतं रे," ती म्हणाली. "रोज दुखतं."